बेबी ऑस्टिनची जाळी

जुन्या गाडीचा रेडिएटर माझ्या दुकानात येतो तेव्हा त्याचा निकाल बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो. "जाळी गेलीय, नवी टाकून द्या," असं सांगून तो फळीवर ठेवला जातो. मी आधी तो उचलून हातात तोलतो. रिकामा असूनही जड लागला तर आत गाळ साचलाय. मग वरच्या तोंडात पाणी ओततो आणि खालून ते कसं पडतं ते बघतो. मोकळ्या जाळीतून पाणी धो धो कोसळतं, तुंबलेल्या जाळीतून रेंगाळत येतं. एवढं झाल्याशिवाय मी कुणाला काही सांगत नाही. घाईतल्या माणसाला हे आवडत नाही, पण ज्या वस्तूनं नव्वद वर्षं काम केलंय तिची पाच मिनिटं तपासणी व्हायलाच हवी.

मध्यंतरी १९२९ सालची एक ऑस्टिन सेव्हन आली. आपल्याकडे हिला बेबी ऑस्टिनच म्हणतात. मालकीणबाई निवृत्त प्राध्यापिका. गाडी त्यांच्या वडिलांची. ते सासवडला डॉक्टर होते आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर याच गाडीनं व्हिजिटला जायचे. पुढे ती कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. इंजिनाचं काम एका गॅरेजनं नुकतंच केलं होतं आणि मन लावून केलं होतं. नुसत्या आवाजावरून ते कळत होतं. पण दोन-तीन किलोमीटर गेलं की झाकणाशी वाफ यायची आणि बाजूच्या बारीक नळीतून पाणी सुटायचं. गाडी पाणी फेकत होती. गॅरेजवाल्यांनी उपाय सुचवला होता : कवचाच्या आत ॲल्युमिनियमचा रेडिएटर, खालच्या पाइपात विजेवर चालणारा छोटा पंप आणि वर दाबाचं झाकण. बाहेरून काहीच कळणार नाही, असंही सांगितलं होतं.

"मिस्त्री, तुम्ही असं करून द्याल का?" त्यांनी विचारलं.

"ताई, करता येईल. पण आधी या गाडीत पाणी कसं फिरतं ते बघू, मग तुम्ही ठरवा."

ऑस्टिन सेव्हनला पाण्याचा पंप नाहीच. कारखान्यातूनच नव्हता. इंजिनातलं पाणी तापलं की हलकं होतं, वर चढतं, वरच्या जाड पाइपातून रेडिएटरच्या वरच्या टाकीत जातं. जाळीतून उतरता उतरता निवतं, जड होतं आणि खालच्या पाइपातून आपोआप इंजिनात परततं. थर्मोसायफन म्हणतात तो हाच. यात किती जोर असतो? ९० अंशांचं लिटरभर पाणी ७० अंशांच्या लिटरभर पाण्यापेक्षा साधारण १२ ग्रॅमनं हलकं असतं. हा १२ ग्रॅमचा फरक म्हणजे या गाडीचा पंप. न आवाज, न पट्टा, न बेअरिंग. १९२२ साली हर्बर्ट ऑस्टिन यांनी सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी काढली, लवकरच तिला ७४७ सीसीचं इंजिन दिलं, आणि जे जे वगळता येईल ते वगळलं. पंप वगळला तो काटकसर म्हणून असेल, पण त्यासाठी पाइप जाड ठेवले, वरचा पाइप इंजिनाकडून रेडिएटरकडे चढता ठेवला, टाकी उंचावर ठेवली. सगळी रचना त्या १२ ग्रॅमच्या मर्जीनं झालेली आहे. बीएमडब्ल्यूनं मोटारी बनवायला सुरुवात केली ती याच गाडीच्या परवान्यावर. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, कारण या गाडीला खेळणं समजणारे पुष्कळ भेटतात.

इतक्या कमी जोरावर चालणारं पाणी फार लवकर अडतं. पंपाच्या गाडीत थोडा क्षार साठला तर पंप पाणी रेटून नेतो. इथे रेटायला कुणी नाही. वरचा पाइप नवा घालताना एक इंच जास्त लांब ठेवला, तो मधे झोळीसारखा लोंबला, की वाफ तिथे अडकून बसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या टाकीतली पातळी वरच्या पाइपाच्या तोंडाखाली गेली की फिरणंच थांबतं. पाणी कमी फिरतं असं नव्हे. साखळी तुटते आणि ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी उकळायला लागतं. पंपाच्या गाड्या चालवलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही, कारण अर्धा लिटर पाणी कमी असणं त्याच्या लेखी काहीच नसतं.

गाडी चालू करून तापू दिली आणि जाळीवरून तळहात फिरवला. ही तपासणी कोणत्याही यंत्रापेक्षा मला जास्त सांगते. वरचा भाग चटका देत होता, उजवी बाजू खालपर्यंत ऊन लागत होती, पण डावीकडचा खालचा कोपरा गार होता. म्हणजे तिथून पाणी जातच नव्हतं. ताईंचा हात त्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हटलं, "बघा." पंप हवा की नको या चर्चेपेक्षा त्या गार कोपऱ्यानं त्यांना लवकर पटलं.

रेडिएटर उतरवून गरम कॉस्टिक सोड्याच्या हौदात ठेवला. जुना रंग आणि चिकट तेलकटपणा त्यात सुटतो. मग उलट्या बाजूनं, खालून वर, पाणी सोडलं. गाळ नेहमी वरून खाली जाऊन दाटतो, त्यामुळे त्याला आला त्या वाटेनं परत काढावं लागतं. आधी गंजाचं लाल पाणी आलं, मग क्षाराचे पांढरे पापुद्रे आणि मग पिवळट तपकिरी लगदा. हळद. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची, ती फुगून भोक बुजवते, हा उपाय आपल्या रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. आडरानात अडकलेल्या ट्रकवाल्यानं तो केला तर मी त्याला नावं ठेवणार नाही, त्याला गावापर्यंत पोचायचं असतं. पण हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. गावात पोचल्यावर ती धुवून काढली नाही तर जिथे पाण्याचा वेग सगळ्यात कमी तिथे ती बसते आणि वर्षानुवर्षं दगडासारखी होते. या गाडीत ती कुणी आणि कधी टाकली ते ताईंनाही ठाऊक नव्हतं.

क्षारासाठी मी सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी वापरतो, वेळ लागला तरी. तीव्र ॲसिड दहा मिनिटांत जाळी चकचकीत करतं खरं, पण पितळातलं जस्तही खाऊन जातं. मग मागे उरतं ते सच्छिद्र तांबं. रंग गुलाबीसर, आणि बोटानं दाबलं तरी तडकणारं. नुसतं खराब पाणीही अनेक वर्षांत हेच करतं. सफाईनंतर या जाळीचा खालचा भाग उजेडात धरला तेव्हा तो गुलाबी रंग मला दिसला आणि मन खट्टू झालं. तोवर जाळी वाचेल अशी माझी आशा होती.

त्या काळच्या अनेक इंग्रजी गाड्यांप्रमाणे ही जाळी नळ्यांची नव्हती. पितळेच्या पातळ, नक्षीदार घड्या घातलेल्या पट्ट्या एकीला एक लावून त्यांच्यामध्ये पाण्याच्या सपाट वाटा केलेल्या असतात आणि पट्ट्यांच्या पुढच्या-मागच्या कडा डागानं जोडलेल्या असतात. समोरून मधाच्या पोळ्यासारखी दिसते. पोळ्याचा खरा मान मात्र विल्हेल्म मायबाख यांच्या रेडिएटरचा. १९०१च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजला त्यांनी ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना झाळून बनवलेला रेडिएटर बसवला. प्रत्येक नळी ६ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर उंच. आतून वारा जायचा आणि नळ्यांच्या मधल्या फटींतून पाणी. एवढ्या आठ हजार नळ्यांची दोन्ही टोकं डागणाऱ्या कारागिरांचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. त्या रेडिएटरमुळे मोटारीचं इंजिन जोरात, सलग चालू शकलं. इंजिन बनवणाऱ्यांची नावं पुस्तकांत आहेत, डाग देणाऱ्यांची कुठेच नाहीत.

पट्ट्यांच्या जाळीची अडचण अशी की कडेला गळती असेल तर डाग देता येतो, पण मधोमध पट्टी सडली तर तिथे हातच पोचत नाही. हौदात बुडवून हलका दाब दिला, चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आतबाहेर. जुन्या रेडिएटरला यापेक्षा जास्त हवा देणं म्हणजे तो फाडणं. बुडबुडे खालच्या कोपऱ्यातून, आतून, अनेक ठिकाणांहून आले. एका जागी असते तर ती वाट बंद करून बाकीची जाळी वाचवली असती. दोन-चार वाटा बंद झाल्यानं काही बिघडत नाही. इथे खालचा तिसरा हिस्सा संपला होता. ताईंना फोन करून सांगितलं : जाळी बदलावी लागेल. पण फक्त जाळी. वरची टाकी, खालची टाकी, बाजूच्या पट्ट्या, भरायचं तोंड आणि पुढचं कवच, हे सगळं मूळचंच राहील.

"मग ॲल्युमिनियमचा घातला तर काय बिघडलं? नाहीतरी आतला भाग नवाच होणार," त्या म्हणाल्या.

प्रश्न अगदी रास्त होता. मी कागद घेऊन बसलो. एक, बिडाचा ब्लॉक, पितळेच्या तोट्या आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदवायचं तर ते पाणी कायम औषधाचं हवं. साधं पाणी भरलं की ॲल्युमिनियम सगळ्यांत आधी खाल्लं जातं आणि ते पितळासारखं डागानं सांधता येत नाही. दोन, पंप सहा व्होल्टच्या बॅटरीवर आणि जुन्या डायनॅमोवर जगणार. तो बंद पडला तर पाण्याच्या वाटेत अडथळा म्हणून उभा राहणार. तीन, दाबाचं झाकण. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं, हे खरं. पण चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो दाब म्हणजे किती? टाकीची सपाट भिंत ४० सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच धरली तर तिच्यावर २०० किलोचा रेटा. बिनदाबाच्या पाण्यासाठी केलेली पातळ पितळी टाकी तो कुठून सोसणार? आणि गॅरेजनं सुचवलेलं सगळं करूनही गाळ कायम राहिला असता, कारण तो नुसता रेडिएटरमध्ये नव्हता, ब्लॉकमध्येही होता. आकडेमोड त्यांनी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तसं करा."

त्यांना ही गाडी विंटेज म्हणून नोंदवायचीही होती. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या दुचाकी-चारचाकींसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. नियमाचा भर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांवर आहे. रेडिएटरच्या जाळीमुळे कुणाची नोंदणी अडणार नाही. पण नियम जिथे थांबतो तिथून पुढचं कारागिराचं असतं, असं मी मानतो.

नवी जाळी निवडणं हे या कामातलं सर्वांत नाजूक पाऊल. तशीच पट्ट्यांची जाळी इथे बनत नाही, म्हणून तांब्याच्या पंखांची आणि सपाट पितळी नळ्यांची घ्यायची. बाजारात ज्या मिळतात त्या पंपाच्या, मोठ्या पंख्याच्या गाड्यांसाठी असतात : अरुंद नळ्या, दाट पंख. तशी जाळी या गाडीला बसवली तर ती दिसेल नवी आणि तापेल जुन्याहून जास्त. मी नळ्यांची आतली रुंदी मोजली, सगळ्यांचं मिळून पाण्याला किती तोंड मिळतं ते काढलं आणि ते पाइपाच्या तोंडाच्या कितीतरी पट आहे याची खात्री केली. पंख मुद्दाम विरळ घेतले. ही गाडी घाटात सायकलपेक्षा थोडीच जोरात चढते. एवढ्या वाऱ्याला दाट पंखांतून पलीकडे जाता येत नाही. समोरून पोळ्याचा देखावा दिसावा म्हणून पुढे खोटी जाळी लावतात काही जण. ताईंनीही विचारलं. मी नको म्हटलं, कारण ती नेमका तोच वारा अडवते.

डागाचं काम मी कुर्ल्याला मामांकडे शिकलो. तिथे प्रीमियरचा कारखाना होता, मुंबईभर फिएट टॅक्स्या धावत होत्या आणि मामांच्या टपरीसमोर सकाळपासून रेडिएटरची रांग लागायची. मामा सांगायचे, पितळ तापू दे, डाग आपोआप धावेल. ज्योतीनं डाग वितळवून वर थापशील तर तो उद्या सुटेल. आजही शिकाऊ पोरांना मी हेच पहिलं सांगतो. कथील आणि शिसं निम्मं-निम्मं असलेला डाग १८३ अंशांना मऊ व्हायला लागतो आणि २१५च्या आसपास पूर्ण पातळ होतो. मधल्या वेळात तो लोण्यासारखा असतो, टाकीच्या लांब सांध्यात भरायला तोच बरा. ६० टक्के कथिलाचा मात्र झटकन पातळ होऊन झटकन बसतो; नळ्यांच्या मुळाशी तो हवा. ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे विरघळवून, बुडबुडे थांबेपर्यंत थांबून, डाग धरावा म्हणून सांध्याला लावायचं पाणी तयार करायचं. सांधा आधी कल्हई केल्यासारखा कथिलानं माखून घ्यायचा, मगच जोडायचा. शेजारच्या जुन्या सांध्यांवर ओली फडकी ठेवायची, नाहीतर इकडचं जुळताना तिकडचं सुटतं. कवचाजवळ ज्योत न्यायचीच नाही. आणि शेवटी सोड्याच्या पाण्यानं सगळं धुवायचं. राहिलेलं ॲसिड महिनाभरात हिरवं होऊन सांधा खातं.

मामांच्या काळात कुणी तोंडाला काही बांधत नसे. त्याच हातांनी चहा, त्याच हातांनी वडापाव. शिसं अंगात गेलं की परत निघता निघत नाही, हे मला फार उशिरा एका डॉक्टरांकडून कळलं. माझ्या दुकानात आता धूर ओढणारा पंखा आहे, जुना डाग कधीही कोरडा घासायचा नाही असा दंडक आहे आणि साबणानं हात धुतल्याशिवाय कुणी डबा उघडत नाही. या धंद्याचं मी मनापासून कौतुक करतो, म्हणूनच हे ठणकावून सांगतो. पोरांच्या जिवावर गाडी दुरुस्त करायची नसते.

रेडिएटर तयार झाला तरी बसवला नाही. आधी ब्लॉक. तळाचा नळ उघडला तर थेंबही आला नाही. आतून तारेनं कोरल्यावर काळा चिखल बाहेर पडला. इंजिनात पाणी सगळ्यात मागच्या सिलिंडरपाशी मंद असतं, तिथे गाळ बसतो. स्वच्छ पाणी येईपर्यंत धुतलं. वरचा पाइप चढता राहील असा मापात कापला. इंजिनवाल्या गॅरेजच्या मिस्त्रींनाही बोलावून टायमिंग तपासून घेतलं, कारण ठिणगी उशिरा पडत असेल तर जळणाची उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते आणि दोष रेडिएटरवर येतो. त्यांनी ते किंचित पुढे घेतलं. ते स्वतः हौदाशी येऊन जुन्या जाळीचे गुलाबी तुकडे बघून गेले, आणि आता त्यांच्याकडून मला अशीच कामं येतात.

चाचणीला दिवे घाट घेतला. ताई स्वतः चालवत होत्या, मी शेजारी. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ला. दाब नसलेल्या गाडीला हे दोन-तीन अंश फार मोलाचे असतात, म्हणून सपाट रस्त्यावरच्या चाचणीवर माझा विश्वास नाही. जुन्या काळी झाकणावरच तापमापक बसवायचे, बॉयस मोटोमीटर. तो पाण्यात बुडालेला नसे, पाण्यावरच्या वाफेचं तापमान दाखवायचा आणि चालवणाऱ्याला समोर काचेतून दिसायचा. या गाडीला तो नव्हता. मस्तानी तलाव खाली दिसतो त्या वळणावर थांबलो. इंजिन चालूच ठेवून, हळूच झाकण काढून, प्रयोगशाळेतला तापमापक आत सोडला. ८९. आणि झाकणाखाली डोकावलं तर वरच्या पाइपाच्या तोंडातून पाणी वळ्या घेत टाकीत येताना दिसत होतं, कुणीही न ढकलता. ताई बराच वेळ ते बघत राहिल्या. वडील घाट चढल्यावर नेहमी इथेच थांबून झाकण उघडायचे, एवढंच म्हणाल्या. मग आम्ही सासवडपर्यंत गेलो.

गाडी ताब्यात देताना काही गोष्टी लिहून दिल्या. बोअरचं पाणी घालायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर किंवा स्वच्छ साठवलेलं पावसाचं पाणी, त्यात पितळ-तांब्याला चालणारं गंजरोधक. गळती दिसली तर हळद किंवा कुठलीही पूड न टाकता सरळ मला फोन. वर्षातून एकदा सगळं पाणी काढून, तळाचा नळ तारेनं मोकळा करून, नवं भरायचं. आणि टाकी तोंडापर्यंत भरायची नाही. भरली तर तापल्यावर पाणी फुगून नळीतून थोडं बाहेर पडतं, मग लोक घाबरून पुन्हा भरतात, ते पुन्हा पडतं. वरच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली बुडालेलं दिसलं की पुरे. ते दर वेळी गाडी काढण्याआधी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून बघायचं.